घर सोडण्याआधी: देवाच्या पाचारणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तरुण संघाची सभा संपल्यावर चहा घेताना येतात, उपवास-प्रार्थनेनंतर चपला शोधताना येतात आणि बऱ्याचदा रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. विचारणारे बहुतेक नोकरीत स्थिरावलेले असतात. घराचा हप्ता चालू, मुलं शाळेत, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, आणि तरी आत कुठेतरी टोचणी लागलेली, की देव आपल्याला एखाद्या कामासाठी बोलावतोय का. या बोलावण्यालाच पाचारण म्हणतात. उत्तरं लिहिणारा प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला आहे. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना काही शब्द वेगळे वाटतील, पण अडचणी सारख्याच आहेत.

पाचारण फक्त पाळक, मिशनरी किंवा धर्मभगिनी होणाऱ्यांनाच असतं का?

नाही. देवाने नाव घेऊन बोलावलेल्या आणि आपल्या आत्म्याने भरलेल्या माणसांत बसालेल नावाचा एक कारागीर आहे (बायबलमधलं निर्गम, अध्याय ३१). सोनं, रुपं, पितळ घडवायचं, रत्नं कोंदणात बसवायची, लाकडावर कोरीवकाम करायचं, हे त्याचं काम. त्याने एकही प्रवचन केल्याची नोंद नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर डॉ. गुरुबाई करमरकर. १८९२ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि मुंबईत परतून मिशनच्या वैद्यकीय कामाला लागल्या.

पण आपल्या मंडळ्यांत साक्ष द्यायला व्यासपीठावर कोणाला बोलावतात ते पाहा. नोकरी सोडून आलेल्याला. जी बाई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मन लावून शिकवते, तिला निवृत्तीला शाल आणि नारळ मिळतो. तिला कोणी विचारत नाही की बाई, तुम्हाला हे काम प्रभूने दिलं असं कधी वाटलं.

चांगली नोकरी, फ्लॅट, गाडी असणं चुकीचं आहे का? सुखात राहणं म्हणजे पाचारण नाकारणं का?

अब्राम हारानहून निघाला तेव्हा त्याच्याकडे मालमत्ता होती, माणसं होती, आणि तो ते सगळं बरोबर घेऊन निघाला (उत्पत्ती १२:५). देवाने त्याला कंगाल व्हायला सांगितलं नव्हतं. देश, नातलग आणि बापाचं घर सोडायला सांगितलं होतं.

याच गोष्टीत एक माणूस आहे, त्याच्यावर प्रवचन क्वचितच ऐकायला मिळतं. तो म्हणजे अब्रामाचा बाप तेरह. कनान देशाला जायला ऊर शहरातून घरच्यांना घेऊन निघाला होता तो तेरहच (उत्पत्ती ११:३१). वाटेत हारान लागलं. तिथे राहिला आणि तिथेच वारला. का थांबला ते शास्त्र सांगत नाही. एवढं मात्र माहीत आहे की हारान हे व्यापारी रस्त्यावरचं भरभराटीचं शहर होतं, आणि ऊरमध्ये जसं चंद्रदेवतेचं मोठं ठाणं होतं तसंच हारानमध्येही होतं. म्हणजे घर सोडून शेकडो मैल आलो, तरी बाजार तसाच, सणवार तसेच. प्रवास केल्याचं समाधानही मिळालं आणि काही बदलावंही लागलं नाही.

माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांची जागा ऊर नाही, हारान आहे. आपण काहीच सोडलेलं नाही असं नसतं. कोणी पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडून पुण्या-मुंबईत मंडळी उभी केली, कोणी कुटुंबाचा विरोध सोसून बाप्तिस्मा घेतला. ते खरंच होतं. पण आता शहराच्या टोकाच्या वस्तीत संडेस्कूल सुरू करायचा विषय निघाला की मंडळीच्या पंचांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो तो गाडी कुठे लावायची याचा. तिथे सोय निर्णय घेते आहे. फ्लॅट विकायचा की नाही हा प्रश्न त्यानंतर खूप मागे येतो.

हे बोलावणं देवाचंच आहे की माझ्या मनाचा खेळ, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून याला जरा वेळ देतो.

पहिली गोष्ट, ओळखता न येणं यात काही लाज नाही. शमुवेल मंदिरात, कराराच्या कोशाजवळ झोपत होता, आणि तरी तीन वेळा देवाची हाक त्याला म्हाताऱ्या याजक एलीची वाटली (१ शमुवेल ३). तिन्ही वेळा तो उठून धावत गेला, "हा मी आलो" म्हणाला. हाक ओळखली ती एलीने. त्या एलीने, ज्याची दृष्टी मंद झाली होती आणि ज्याला स्वतःच्या पोरांना आवरता आलं नव्हतं. म्हणजे आपल्याला जवळून पाहणारा कोणीतरी लागतो, आणि तो निर्दोष असावाच लागतो असं नाही.

नव्या करारातही हेच. पौलाला दमास्कसच्या वाटेवर प्रकाश दिसला आणि हाक आली, पण अंत्युखियाहून तो सोबती बर्णबाबरोबर निघाला तेव्हा तिथल्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३:२-३). दमास्कस आणि अंत्युखिया यांच्यामध्ये कित्येक वर्षं गेली होती, त्यातली काही अरबस्तानात आणि काही तार्ससमध्ये, आपल्याच गावात.

म्हणून मी विचारणाऱ्यालाच उलट काही गोष्टी विचारतो. हे मनात कधीपासून आहे? कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री गाणं चालू असताना आलं आणि बुधवारपर्यंत विरलं, तर ती रात्र चांगली होती, एवढंच समजावं. वर्ष-दोन वर्षं गेली, कामाची जागा बदलली, पगार वाढला, तरी तेच मनात येतं, तर लक्ष द्यायला हवं. दुसरं, ऑफिसात साहेबाशी भांडण झाल्यानंतर हे सुरू झालं का? बढती हुकल्यावर अचानक सेवेचं ओझं आलं असं सांगणारे मी पाहिले आहेत. त्यांना आधी दुसरी नोकरी शोधायला सांगतो. तिसरं, तुमच्या डोळ्यांसमोर कोण आहे? "मला देवासाठी काहीतरी मोठं करायचं आहे" या वाक्यात माणूस एकही नाही. "स्टेशनमागच्या वस्तीतली पोरं चौथीनंतर शाळा सोडतात" या वाक्यात आहे. आणि शेवटचं, त्यातलं थोडं काम तुम्ही आज, नोकरी सांभाळून, करता का? रविवारची दुपार ज्याला देता आलेली नाही, त्याने आयुष्य द्यायची घाई करू नये.

चिन्ह मागावं का?

गिदोनाने खात्रीसाठी रात्री खळ्यात लोकर ठेवली, एकदा ती दवाने ओली मागितली, एकदा कोरडी, आणि देवाने दोन्ही वेळा ऐकलं (शास्ते ६). पण काय करायचं ते देवदूताने त्याला आधीच सांगितलं होतं. लोकर हा त्याच्या भित्रेपणाला दिलेला आधार होता. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, ही सवय तर सोडूनच द्यावी.

कोणी माझ्यासाठी प्रार्थना करून म्हणालं, "प्रभूने मला दाखवलंय, तू नोकरी सोड." काय करू?

नोकरी सोडू नका. १ राजे १३ वाचा.

यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट सांगितलेलं होतं की तिथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही. बेथेलच्या एका म्हाताऱ्या संदेष्ट्याने त्याला गाठलं आणि म्हणाला, मलाही देवदूताने सांगितलंय, चल माझ्या घरी जेवायला. ते खोटं होतं, असं शास्त्र तिथल्या तिथे सांगतं. तो गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. दुसऱ्याला मिळालेला संदेश तुम्हाला मिळालेल्या गोष्टीला दुजोरा देऊ शकतो. तुमच्या आयुष्याचा निर्णय मात्र त्याच्या तोंडून येत नाही, मग तो किती का मोठा सेवक असेना. आणि जो म्हणतो नोकरी सोड आणि माझ्याच संस्थेत ये, त्याच्यापासून चार हात लांबच राहा.

सगळे पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. त्यांनी नेमकं काय सोडलं होतं? आमच्यासारख्यांना त्यातून काय घेता येईल?

रमाबाईंचं उदाहरण "सगळं सोडलं आणि निघाल्या" असं एका वाक्यात सांगितलं जातं, आणि त्यामुळे ते निरुपयोगी होतं.

त्यांच्याकडे सोडायला घर असं फारसं नव्हतंच. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थयात्रा करायचे, आणि पोरवयातल्या रमाबाईंचा सगळा प्रवास पायी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण भुकेने गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच उरले आणि चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. नंतर लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते जमलं नाही. त्याच वर्षी इंग्लंडातल्या वाँटेज इथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता पुढचा क्रम बघा. अमेरिकेत फिरून मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाल्यावरच्या आनंदीबाई. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यातली सल्लागार मंडळी बाजूला झाली, मुली कमी झाल्या, वर्तमानपत्रांतून टीका झाली. कोणालाही वाटलं असतं की आता आहे तेवढं सांभाळावं.

आणि १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ नवा नव्हता. त्यांनी स्वतः पानं, बोरं खाऊन दिवस काढले होते. त्या तिकडे गेल्या आणि भुकेने हाडं झालेल्या, कोणाच्याही हाती पडतील अशा मुलींना घेऊन आल्या. केडगावला जमीन घेऊन ठेवलेली होती. त्यातच पुण्यात प्लेग आला, मुलींना शहरात ठेवता येईना, आणि दौंडजवळच्या त्या उजाड माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. शारदा सदनात येणाऱ्या शिकलेल्या घरच्या विधवा कुठे आणि या उवा-खरजेने भरलेल्या, कोणत्या जातीच्या तेही माहीत नसलेल्या पोरी कुठे. विद्वत्तेचा, प्रतिष्ठेचा जो परिसर रमाबाईंना सवयीचा होता, तो त्यांनी खरा सोडला तो इथे, बाप्तिस्म्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी.

म्हणून माझं मत असं की पाचारण अनेकदा आपल्याच जुन्या जखमेच्या जागी येतं. ज्याने भूक पाहिली त्याला भुकेलेले दिसतात. रमाबाईंना पहिल्या दिवशी मुक्ती मिशनचा नकाशा मिळाला नव्हता. डॉक्टर होण्याचं दार बंद झालं, पुण्यातली माणसं गेली, प्लेगने गाव सोडायला लावलं, आणि यातून एकेक पाऊल पुढे पडत गेलं. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या, आणि छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

मला खरं तर जायचंच नाही. इच्छाच नसेल तर ते पाचारण कसं?

आयडा स्कडर यांनाही जायचं नव्हतं. हिंदुस्थानात जन्मलेली, मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली ही मुलगी अमेरिकेत शिकत होती, आणि आईवडिलांसारखं उष्ण, धुळीच्या गावात आयुष्य काढायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. आई आजारी म्हणून काही दिवसांसाठी ती तमिळ मुलखातल्या तिंडिवनमला आली. १८९० च्या सुमाराची गोष्ट. एका रात्री तीन पुरुष एकापाठोपाठ दारात आले, तिघांच्या बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडा म्हणाली, मला काही येत नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा. तिघांनीही नकार दिला. परपुरुषाने बायकोला हात लावणं त्यांना चालणार नव्हतं. सकाळी कळलं की तिन्ही बायका मेल्या.

त्या रात्री आकाशातून आवाज आला नाही. तीन माणसं दारात आली, एवढंच झालं. आणि त्यानंतर तिने दुसऱ्या दिवशी झोळी उचलली असंही नाही. ती परत गेली, वैद्यकीय शिक्षण घेतलं, १८९९ मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाली आणि १९०० मध्ये वेल्लोरला आली. १९१८ मध्ये तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, तीच वाढून आजचं वेल्लोरचं सीएमसी रुग्णालय. आपल्या महाराष्ट्रातूनही किती रुग्ण गाडीत बसून तिथे जातात ते वेगळं सांगायला नको. ती रात्र आणि वेल्लोर यांच्यामध्ये दहा वर्षं गेली, आणि त्यात अभ्यास होता. इच्छा नसणं हा अडथळा नाही. तयारी नसणं हा आहे, आणि त्यावर उपाय असतो.

वय झालं, बोलता येत नाही, इंग्रजी कच्चं आहे. माझा काय उपयोग?

मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभं राहताना मोशे ऐंशी वर्षांचा होता (निर्गम ७:७), आणि बोलण्याची अडचण त्याने देवाला स्वतःच सांगितली होती. देवाने त्याची जीभ बदलली नाही, त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन दिला. इंग्रजीबद्दल तर बोलूच नये. वस्तीतल्या आजारी आजीला ते नकोच असतं.

घरचे विरोध करतात. आईवडील थकलेत. त्यांना सोडून जावं का?

"जो नांगराला हात घालून मागे पाहतो" हे येशूचं वचन इथे फार पटकन काढलं जातं. त्याच प्रभूने परूश्यांना, म्हणजे नियमांच्या कडक धर्मपुढाऱ्यांना, फटकारलं ते कशावरून, तेही वाचा. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांवर तो संतापला (मार्क ७:९-१३). वधस्तंभावर असतानाही त्याने आईची सोय लावली. अलीशा नांगर सोडून संदेष्टा एलीयामागे निघाला, पण आधी घरी जाऊन आईबापांचा निरोप घेतला, बैल कापून गावाला जेवण घातलं आणि मग निघाला (१ राजे १९). औतही जाळलं, म्हणजे परतीची वाट ठेवली नाही, पण पळूनही गेला नाही.

आईची डायलिसिस आठवड्यातून दोनदा असेल, तर या घडीला तेच तुमचं सेवेचं क्षेत्र आहे. मात्र आईवडील ठणठणीत असून केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून अडवत असतील, तर ती वेगळी गोष्ट. तिथे समजावायचं, वाट पाहायची, आणि मग निघायचं.

नवऱ्याला पाचारण वाटतं, बायकोला नाही (किंवा उलट). तेव्हा?

नारायण वामन टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं घर आठवा. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. त्यांच्या पदरात लहान दत्तू. नातलगांनी त्यांना आणि मुलाला आपल्याकडे ठेवून घेतलं, आणि नवरा जिवंत असून संसार मोडला. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, तरी स्वतःचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं कडक. मग त्यांच्या स्वतःच्या मनाने एकेक गोष्ट सुटत गेली आणि टिळकांनंतर पाच वर्षांनी त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

मंडळीत ही कथा टिळकांच्या त्यागाची म्हणून सांगतात. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचलेल्याला ती तशी सांगता येणार नाही. त्या पाच वर्षांची किंमत त्यांनी मोजली, आणि निर्णय त्यांचा नव्हता. टिळक मोठे होते, कवी म्हणून आणि भक्त म्हणूनही, पण हा भाग कोणी नमुना म्हणून उचलू नये. ख्रिस्ताच्या जीवनावरचं मागे राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेण्याचं काम टिळकांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनीच केलं, दहा अध्याय टिळकांचे आणि त्यापुढचे चौसष्ट बाईंचे. पाचारण दोघांनाही होतं, फक्त दोघांचं घड्याळ वेगळं होतं.

म्हणून व्यवहार असा, की एकाला वाटलं आणि दुसऱ्याला नाही, तर थांबा. मुलांची शाळा, भाडं, दवाखाना हे सगळं दोघांच्या अंगावर येणार असेल, तर "हो" दोघांचं हवं. आणि वहिनी गप्प बसल्या म्हणजे त्यांनी होकार दिला, असं धरू नये.

पैशाचं काय? "विश्वासाने जगायचं" म्हणजे नेमकं कसं?

पौलाने तंबू शिवले. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण त्यांचा धंदा एकच होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). आपल्या आणि सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या, असं त्याने इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांना हात दाखवून सांगितलं. दुसरीकडे फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेले पैसे त्याने आनंदाने घेतले. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. म्हणजे शास्त्राने एकच पद्धत लावून दिलेली नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं मात्र प्रभूने सांगितलं आहे (लूक १४:२८).

कर्ज डोक्यावर ठेवून निघू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी ही विश्वासाची परीक्षा नसते, ती बँकेची असते. वर्षभराचा घरखर्च बाजूला असावा, कुटुंबाचा आरोग्य विमा चालू असावा, पीएफ मोडून पहिल्याच महिन्यात प्रोजेक्टर घेऊ नये. संस्थेत जाणार असाल तर बेधडक विचारा: ट्रस्टची नोंदणी आहे का, हिशेब तपासनीस कोण, परदेशातून देणग्या येत असतील तर एफसीआरए नोंदणी चालू आहे का, मानधन किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला. हे विचारल्यावर "भाऊ, तुमचा विश्वास कमी आहे" असं उत्तर आलं, तर तुम्हाला हवं ते कळलं.

त्यासाठी दूर जायलाच हवं का?

गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त बरा झाला आणि प्रभूला विनवू लागला की मला तुझ्याबरोबर येऊ दे. प्रभूने त्याला नाही म्हटलं. तू आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा, असं सांगितलं (मार्क ५:१९). ज्या गावाने त्याला साखळदंडांनी बांधलं होतं, त्याच गावात. नावेत बसून जाणं त्याच्यासाठी सोपं होतं.

आपल्यासाठी बऱ्याचदा असंच असतं. झारखंडला आठवड्याची मोहीम काढायला तरुण उत्साहाने तयार होतात. पण आपल्याच शहरात, आपल्याच मंडळीत, पूर्वीच्या जातीवरून कोण कोणाकडे जेवतो आणि कोणाची सोयरीक कुठे होते हे ठरतं, त्यावर बोलायला कोणी तयार नसतो. सफाई कामगारांच्या वसाहतीतल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी कुटुंब-उपासना ठेवायची म्हटलं की जागा लहान आहे अशी सबब येते. मला वाटतं, मराठी ख्रिस्ती माणसासाठी सुखाचा उंबरठा सगळ्यात उंच आहे तो इथे. रेल्वेचं तिकीट काढून तो ओलांडता येत नाही.

दार बंद झालं तर समजावं का की पाचारण नव्हतंच?

गोव्यातल्या बाणावलीचे धर्मगुरू जोसेफ वाझ यांनी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जायची परवानगी मागितली होती. डचांनी तिथे कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घातली होती आणि तिथले भाविक वर्षानुवर्षं धर्मगुरूंविना होते. १६८१ मध्ये त्यांना सिलोनऐवजी कानडा मुलखात पाठवण्यात आलं. त्यांनी तिथे निमूट सेवा केली, गोव्यात परतले, आणि १६८७ मध्ये गरीब मजुराच्या वेशात अखेर सिलोनला पोहोचले. आजारी पडले, कँडीत पोर्तुगीज हेर समजून कैदेत पडले, पण १७११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

पौलाचंही पाहा. आसिया प्रांतात जाऊ दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि दोन्ही दारं बंद झाल्यावर त्रोवसला समुद्राकाठी मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला (प्रेषितांची कृत्ये १६). उलट, देवाच्या आज्ञेपासून पळणाऱ्या योनाला याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारं जहाज लगेच मिळालं, तिकिटाचे पैसेही खिशात होते. दार उघडं आहे एवढ्यावरून दिशा बरोबर ठरत नाही, हे बंद दारांइतकंच ध्यानात ठेवावं.

गेलो, जमलं नाही, परत आलो. आता मंडळीला तोंड कसं दाखवू?

पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या फेरीत योहान मार्क पंफुल्यातूनच माघारी फिरला. पौलाने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढच्या फेरीत त्याला न्यायला साफ नकार दिला, आणि त्यावरून बर्णबाशी वाद होऊन दोघं वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). बर्णबाने मार्काला आपल्याबरोबर घेतलं. काही वर्षांनी तुरुंगातून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). तेव्हा परत आलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी "काय झालं?" विचारू नका. जेवायला बोलवा. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

पाळकसाहेबांशी बोलायला जायचं आहे. काय तयारी करून जावं?

आधी वेळ मागून घ्या, उपासना संपल्यावर दारात गाठू नका. एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: तुमच्या डोळ्यांसमोर कोणती माणसं आहेत आणि ती कुठे राहतात, त्यांच्यासाठी तुम्ही सध्या काय करता, घरच्यांचं म्हणणं काय (पत्नीचं तिच्याच शब्दांत), आणि कर्ज किती. शक्य असेल तर पती-पत्नी दोघं जा. लगेच राजीनाम्याची गोष्ट काढण्यापेक्षा सहा महिन्यांसाठी एखादी जबाबदारी मागा, शनिवार-रविवारची, आणि त्या कामात तुमच्यावर लक्ष ठेवील असा एक वडीलधारा मागा.

पाळकसाहेबांनी लगेच हो म्हटलं तरी तेवढ्यावर थांबू नका. पंचांपैकी जो तुम्हाला चांगला ओळखतो आणि ज्याचं तुमच्याशी फारसं जमत नाही, अशा एकाला भेटा. तो काय आक्षेप घेतो ते मध्ये न बोलता ऐका आणि घरी आल्यावर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पाळकसाहेबांकडे पुन्हा जाल तेव्हा तो कागदही बरोबर न्या.